हरण्याचा जमाखर्च

जिंकणाऱ्या संघाच्या मागे उभं राहायला काही लागत नाही. ते काम कुणीही करतं. २०११ च्या एप्रिलमध्ये धोनीने तो शेवटचा षटकार मारला, तेव्हा आमच्या सोनारीत ज्यांनी गुलाल उधळला त्यांतल्या निदान चौघांना सामना कुणाशी होता हे दुसऱ्या दिवशी पेपरातून कळलं. हरणाऱ्या संघाचं तसं नाही. तिथे मुरलेला माणूस लागतो. काल हरलो, परवा हरलो, आज हरणार आहोत हे पक्कं ठाऊक असून जो संध्याकाळी साडेसाताच्या ठोक्याला जेवणाचं ताट घेऊन पुन्हा पडद्यासमोर बसतो, तो माणूस नवरा म्हणून आणि बँकेतला कारकून म्हणून एकदम खात्रीचा समजावा.

या जागेवर माझी नेमणूक लग्नातच झाली. सौ.चं माहेर सांगलीचं. आणि सांगलीकरांचा एक विशेष असा की, गावातलं कुणी मोठं झालं की त्याला लहानपणी आपण खेळवलं होतं असं निम्मं गाव शपथेवर सांगतं. स्मृती मानधना दोन वर्षांची असताना मुंबईहून सांगलीत आली आणि तिथेच वाढली. तेव्हा सांगलीची लोकसंख्या लक्षात घेता त्या पोरीला जमिनीवर पाय टेकवायला कधी मिळाला असेल, असा मला प्रश्न पडतो.

तर १३ फेब्रुवारी २०२३ ला मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिलावहिला लिलाव झाला. लिलाव म्हटलं की मला सोनेतारणाचा आठवतो; थकलेल्या कर्जदाराची बोरमाळ, पाटल्या आणि बाहेर उभी असलेली त्याची म्हातारी. हा लिलाव वेगळा निघाला. पहिलंच नाव स्मृतीचं. मूळ बोली पन्नास लाख, मुंबई आणि बंगळूर यांची चढाओढ, आणि शेवटी बंगळूरने तीन कोटी चाळीस लाखांवर हातोडा पाडून घेतला. त्या दिवशीची सगळ्यांत मोठी बोली तीच. सांगलीहून सासूबाईंचा फोन आला. त्या आनंदाच्या भरात माझ्याशीही बोलल्या. म्हणाल्या, "जावईबापू, ऐकलंत का? आपल्या गावची पोर!" मी म्हटलं, "आडनावच मानधना. मानधन घसघशीत मिळायचंच." सासूबाई हसल्या नाहीत. सौ. तर मुळीच हसली नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली की बायको नवऱ्याच्या कोट्या मोजते, हसत नाही.

अशा रीतीने मी बंगळूरचा झालो. हिशोब नीट मांडून पाहिला तर मोठा मौजेचा होता. संघ बंगळूरचा, सामने सगळे मुंबईत आणि नव्या मुंबईत, कर्णधार सांगलीची, मालक दारू गाळणारी कंपनी, आणि पाठीराखा काळभैरवनाथाच्या सोनारीचा. शेजारचे अण्णा माळकरी. त्यांना संघाचं नाव सांगितलं, "रॉयल चॅलेंजर्स." अण्णा जरा वेळ आढ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नाव कुठंतरी वाचल्यागत वाटतंय." मी पुढे काही विचारलं नाही. माळ घालण्याआधी प्रत्येकाला एक आयुष्य असतं.

सामने ४ मार्चपासून. आता मार्च महिना म्हणजे काय, हे बँकवाल्यांच्या बायकांना विचारा. वर्षअखेर, वसुली, पीककर्जाचं नवं-जुनं, तेरीज जुळवणं. त्यात उस्मानाबाद शहराचं नाव धाराशिव करायला केंद्राची मंजुरी नुकतीच आलेली, त्यामुळे कुठल्या कागदावर कुठला शिक्का मारायचा यावर रोज चर्चा. मी सोनारीहून परंड्याला मोटारसायकलने जातो आणि मार्चमध्ये परत येतो की नाही, ते माझं मलाच दुसऱ्या दिवशी कळतं. घरच्या टीव्हीचा भरवसा नाही, कारण गावातल्या माकडांना डिशवर बसून ऊन खायची आवड आहे. पण तेव्हा मोबाइलवर जिओसिनेमावर सामने फुकट दिसत. फुकट म्हटल्यावर सगळी शाखा क्रीडाप्रेमी झाली.

पहिला सामना ५ मार्चला, रविवारी दुपारी. दिल्लीच्या शफाली वर्मा आणि मेग लॅनिंग या दोघींनीच इतका धुव्वा उडवला की दिल्ली २ बाद २२३. आपण साठ धावांनी हरलो. दुसऱ्या दिवशी होळी. मुंबईने नऊ गडी राखून हरवलं. बाहेर पोरं बोंब मारत होती, मी आत बसून मारली. तिसरा सामना ८ मार्चला, म्हणजे महिला दिनी. गुजरातच्या २०१, आपल्या १९०. अकरा धावांनी गेला. सौ. म्हणाली, "आजच्या दिवशी तरी जिंकायचं." मी म्हटलं, "अगं, जिंकल्या त्याही महिलाच आहेत." त्यावर मला महिला दिनाचं जेवण स्वतःच्या हाताने वाढून घ्यावं लागलं. चौथा सामना १० तारखेला, उत्तर प्रदेशशी. आपण सगळ्या मिळून १३८, आणि त्यांची अलिसा हीली एकटी नाबाद ९६. तेरा षटकांत एकही गडी न गमावता खेळ खलास. पाचवा १३ तारखेला, पुन्हा दिल्ली. या वेळी जरा झुंज दिली, दोन चेंडू बाकी असताना हरलो.

पाच सामने, पाच हार.

शाखेत माझं जिणं नकोसं झालं. मी काउंटरवर बसलो की पासबुक भरून घ्यायला आलेला शेतकरीसुद्धा आधी विचारी, "सायेब, काल बी पडल्या का तुमच्या पोरी?" आमचे रोखपाल तर व्हाउचर सरकवता सरकवता म्हणाले, "पाच हप्ते थकले. आता हे खातं एनपीएत टाका." मी नियमावर बोट ठेवलं. म्हटलं, "नव्वद दिवस झाल्याशिवाय टाकता येत नाही." नियमापुढे रोखपाल नेहमी गप्प होतात. पण हेडक्लार्क झाले नाहीत. ते म्हणाले, "अहो, तुमची ती साडेतीन कोटींची कर्णधार! पाच डावांत किती केल्या? पस्तीस, तेवीस, अठरा, चार, आठ. याच्यापेक्षा ते पैसे आपल्याकडे मुदत ठेवीत टाकले असते तरी बरं." आणि मग ते वाक्य आलं, ज्याची मी पहिल्या दिवसापासून वाट पाहत होतो. "मी म्हणतो, बायकांना कशाला पाहिजे हे?"

आता मजा बघा. हे हेडक्लार्क बंगळूरच्याच पुरुष संघाचे जुने भक्त. तो संघ २००८ पासून खेळत होता. २०२३ सालचा मार्च उजाडेपर्यंत पंधरा हंगाम झाले होते, कप एकही नाही. दर वर्षी हेडक्लार्क म्हणत, "पुढल्या वर्षी नक्की." पंधरा वर्षांत एकदाही त्यांच्या तोंडून आलं नाही की पुरुषांना कशाला पाहिजे हे. पुरुषांचं हरणं ही तपश्चर्या, आणि बायकांचं हरणं हा पुरावा! आणि तो पुरावा नऊ दिवसांत गोळा झाला. ५ तारीख ते १३ तारीख. बँकेत चेक वटायला याहून जास्त दिवस लागल्याचं मी पाहिलं आहे.

माझा पुतण्या अमेरिकेत डॅलसला असतो. त्याला फोनवर ही व्यथा सांगितली तर तो म्हणाला, "काका, पाच म्हणजे काहीच नाही." मग त्याने मला टल्सा नावाच्या गावच्या व्यावसायिक महिला बास्केटबॉल संघाची हकिगत सांगितली. २०११ चा हंगाम. सामने चौतीस, जिंकले तीन. त्यात लागोपाठ वीस हरले. मधेच प्रशिक्षक सोडून गेला. विसावी हार झाल्यावर लॉस एंजेलिसविरुद्ध शेवटच्या तीन सेकंदांत शेरिल स्वूप्स या बाईने चेंडू टोपलीत टाकला आणि दोन गुणांनी सामना काढला. वय तिचं तेव्हा चाळीस. आमच्याकडे चाळिशीतली बाई पाणीपुरी खायला गेली तरी लोक बघतात. पुढे २०१६ साली तो संघ उचलून डॅलसलाच आला, म्हणून पुतण्याला इतका इतिहास पाठ. परवा कळलं, २०२५ च्या हंगामात डॅलसने चव्वेचाळीस सामन्यांत दहा जिंकले आणि आमचे चिरंजीव तिकीट काढून बघायला जात होते. हरणाऱ्याच्या मागे उभं राहण्याचा गुण आमच्या घराण्यात रक्तातूनच येतो, याचा आणखी काय दाखला हवा.

असो. १४ मार्चपासून राज्यातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. शिक्षकही गेले. त्यामुळे आमची कन्या घरी. ती तेव्हा आठवीत. १५ तारखेला रात्री उत्तर प्रदेशशी सामना; आम्ही तिघंही मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसलो. त्या दिवशी, म्हणे, विराट कोहली या मुलींशी बोलायला गेला होता, आणि त्याने काय सांगितलं, तर मी पंधरा वर्षं खेळतोय, अजून कप जिंकलेलो नाही. धीर द्यायची ही पद्धत मला फार आवडली. आमचे विभागीय अधिकारी वसुली वाढवण्यासाठी भाषण करतात त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक. एलिस पेरीने तीन बळी घेतले, उत्तर प्रदेश १३५ वर संपली. आपण खेळायला उतरलो आणि स्मृती शून्यावर बाद! सौ. उठून आत गेली. पण कनिका आहुजा नावाच्या मुलीने तीस चेंडूंत शेहेचाळीस मारल्या, रिचा घोष टिकली, आणि पाच गडी राखून आपण एकदाचे जिंकलो. आमच्या घरचा जल्लोष ऐकून अण्णा विचारायला आले, कुणाला पेन्शन मिळाली का.

सगळं शांत झाल्यावर कन्येने विचारलं, "बाबा, आज स्मृतीनं शून्य केलं. तिला पैसे मिळणार का?"

"मिळणार."

"आणि पाच हरल्या त्याचे?"

"त्याचेही मिळणार. करार झालाय."

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्याकडून तर जीपचं भाडं मागत होते."

याला मागची हकिगत आहे. २०२२ च्या पावसाळ्यात तिच्या शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ पहिल्यांदाच तालुक्याला गेला आणि पहिल्याच फेरीत एक डाव सात गुणांनी हरून आला. त्यानंतर शाळेत कुणीतरी पिल्लू सोडलं की, पुढच्या वर्षी मुलींना पाठवायचं तर जीपचं भाडं पालकांनी द्यावं. हरायला जायचं तर शाळेने खर्च का करावा? मुलांचा संघ दर वर्षी जात होता, दर वर्षी येत होता. पण मुलं हरली की तो अनुभव धरतात. मुली हरल्या की खर्च धरतात. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. एकच रक्कम एकाच्या नावावर भांडवली आणि दुसऱ्याच्या नावावर बुडीत, अशी लिहिण्याची पद्धत आम्हाला कॉलेजात शिकवली नव्हती.

त्या रात्री मला झोप येईना, तेव्हा मी हिशोबच मांडला. बायकांच्या हरण्याचा आजवरचा खर्च कुणी केला? बायकांच्या क्रिकेटची भारतातली संघटना १९७३ साली निघाली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच साली आपल्या पुण्यात झाली. संघ मोजून तीन, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. त्या काळच्या खेळाडू बिनराखीव डब्यातून जात आणि जिथे जागा मिळेल तिथे फरशीवर अंथरूण टाकत. १९८२ च्या विश्वचषकासाठी न्यूझीलंडला जायचं तर प्रत्येकीकडून दहा-दहा हजार रुपये मागितले गेले. त्या वेळचे दहा हजार! आपला संघ पाचांत चौथा आला. म्हणजे पदरचे पैसे भरून हरायचं. पुढे २००५ साली दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुली विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेल्या, तिथे ऑस्ट्रेलियाकडून हरल्या. आणि मिताली राजने नंतर सांगितलं की, त्या स्पर्धेत सामन्यामागे हजार रुपये मिळाले. भारताकडून खेळताना पुरुषांइतकीच सामन्याची फी बायकांना द्यायची, हे ठरायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला.

आणि फार लांब तरी कशाला? आपल्या जिल्ह्यातली सारिका काळे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचं सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार, २०२० सालची अर्जुन पुरस्कार विजेती. घरच्या परिस्थितीमुळे बरीच वर्षं एक वेळच्या जेवणावर काढली, हे तिने स्वतः सांगितलेलं आहे. खो-खोत पैसा आला तो २०२२ साली, लीग निघाली तेव्हा. ती पुरुषांची निघाली.

या सगळ्यापुढे मी आमच्या हेडक्लार्कांचं आवडतं गणित ठेवलं. स्मृतीच्या त्या हंगामात आठ डावांत मिळून १४९ धावा झाल्या. तीन कोटी चाळीस लाख भागिले एकशे एकोणपन्नास. एका धावेला दोन लाख अठ्ठावीस हजार एकशे अठ्ठ्याऐंशी रुपये. हेडक्लार्क हा आकडा पुढे कित्येक महिने ज्याला त्याला सांगत होते, आणि दर वेळी त्यांच्या चेहऱ्यावर कुणीतरी त्यांचाच खिसा कापल्याचा भाव असे. मला मात्र तो आकडा ऐकून बरं वाटे. पन्नास वर्षं थकलेलं देणं म्हटल्यावर व्याज थोडं चढायचंच.

हंगाम आमचा पुढे फारसा सुधारला नाही. १८ तारखेला गुजरातविरुद्ध सोफी डिव्हाइनने छत्तीस चेंडूंत ९९ मारल्या आणि शतक एका धावेने हुकलं. (एका रुपयाने तेरीज न जुळणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्यानेच त्या बाईचं दुःख समजावं.) २१ तारखेला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, मुंबईने पुन्हा हरवलं. आठांपैकी दोन जिंकलो आणि पाचांत चौथे आलो. गुजरातचेही गुण आमच्याइतकेच चार होते. पण नेट रनरेट की काय म्हणतात त्या दशांशांत आम्ही पुढे. सौ.ने पाडव्याला श्रीखंड केलं. मी विचारलं, "कशाबद्दल?" म्हणाली, "शेवटच्या आलो नाही त्याबद्दल."

पुढच्या वर्षी, १७ मार्च २०२४ ला, याच मुली दिल्लीला दिल्लीत हरवून कप घेऊन गेल्या. पुरुषांच्या संघाला तो घ्यायला २०२५ चा ३ जून लागला, अठरावा हंगाम. पण ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला सांगायचं आहे ते त्याआधीचं, २०२३ च्या जुलैमधलं.

शाळेत पालकांची सभा भरली. खेळनिधीची वही माझ्याकडे असते, कारण गावात वाणिज्य पदवीधर म्हटला की त्याच्याकडे वर्गणीच्या वह्या आपोआप चालत येतात. गणपतीची, यात्रेची, भजनी मंडळाची. विषय निघाला, मुलींच्या जीपचा. एक गृहस्थ उठून म्हणाले, "मागल्या साली पोरी पार डावानं हारल्या. हिकडं शाळंच्या नळाला तोटी न्हाई. आदी तोटी बसवा." टाळ्या पडल्या. तोटीच्या विरोधात बोलणं अवघड असतं. मी उठलो, वही उघडली आणि मुलांच्या संघाच्या जीपचं भाडं वर्षवार वाचायला लागलो. नुसतं वाचलं. साल, रक्कम, निकाल. साल, रक्कम, निकाल. "पहिल्या फेरीत पराभूत" हे शब्द मी काहीही जोर न देता, बँकेत टोकन नंबर पुकारतात त्या आवाजात म्हणत होतो. चार-पाच वर्षं वाचून झाल्यावर मागून एक आजी ओरडल्या, "आरं, मंग पोरांच्याच जीपंला तोटी बसवा की!" सभा हसली. मुख्याध्यापक पाणी प्यायले. मुलींची जीप मंजूर झाली. तोटी मात्र अजून बसलेली नाही.

आमच्या मुली तालुक्याला गेल्या आणि हरल्या. या वेळी तीन गुणांनी. दिवेलागणीला जीप गावात आली, तेव्हा मी पारावर उभा होतो. जीपमधून बाराजणी उतरल्या, गुडघे फुटलेले, केसांत माती, आणि सगळ्यांच्या तोंडाला तिखट लागल्यासारखं सू-सू चाललेलं. कन्या म्हणाली, "बाबा, हरलो. पण येताना सगळ्यांनी भेळ खाल्ली. सरांनी दिले पैसे, म्हणाले तुझ्या बाबांकडून घेतो."

खाली भेळवाल्याने वर्तमानपत्राच्या तुकड्यावर लिहून दिलेला हिशोब होता. बारा प्लेट. मी रात्री वही उघडली. आमच्या वहीत प्रवासखर्चाचं खातं आहे, साहित्याचं आहे, किरकोळचं आहे, भेळेचं नाही. किरकोळमध्ये टाकली असती तर कुणी विचारलं नसतं. सौ. शेजारी बसून गवार निवडत होती. तिने विचारलं, "काय अडलंय?" मी सांगितलं. तिने गवारीतून मान वर न करता एक शब्द सांगितला, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा कोटी माझ्यावर उलटली.

मी नवं खातं उघडलं आणि भेळेची रक्कम त्यात लिहिली: मानधन.